पाहुण्यांना दाखवायचं काय? रोहण्याची बिनपैशाची सहल



दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली की मी वर्गात एक ठरलेला प्रश्न विचारतो. "सुटीत कोण पाहुणे आले, आणि तुम्ही त्यांना काय दाखवलं?" प्रश्नाच्या पहिल्या भागाला हात भराभर वर येतात. नागपूरची मावशी, पुण्याची आत्या, अमरावतीचा मामेभाऊ. दुसऱ्या भागाला मात्र वर्ग गप्प होतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलाने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "सर, आपल्या इकडं दाखवायला हायच काय? त्याले टीव्ही लावून देल्ला."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. हे त्याला शिकवलं कोणी? विचार केला तर उत्तर सोपं होतं. आम्हीच. आपण शाळेत 'सहल' हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याचा अर्थ असतो बस ठरवणं, वर्गणी गोळा करणं आणि कुठंतरी लांब जाणं. म्हणजे पाहण्यासारखं जे काही असतं ते गावाबाहेर असतं, आणि त्याला पैसे लागतात, हे आपण न बोलता शिकवून बसलो आहोत.

दर वर्षी सहलीच्या यादीत पाच-सहा नावं नसतात. विचारलं तर कोणाचं पोट दुखतं, कोणाच्या घरी लग्न असतं. खरं कारण शिक्षकाला माहीत असतं, मुलालाही माहीत असतं. दोघंही बोलत नाहीत.

म्हणून हा लेख. आर्वी तालुक्यातलं आमचं रोहणा हे पुलगाव आणि आर्वी यांच्या मधलं गाव. इथं पाहुणे आले, किंवा तुमचीच लेकरं सुटीत आजोळी आली, तर तिकीट न काढता काय काय पाहता येईल आणि त्यातून काय शिकता येईल, ते क्रमाने सांगतो. तुमचं गाव दुसरं असेल तर नावं बदला, पद्धत तीच राहील.

१) वावर: एका बोंडाची गोष्ट

सुरुवात वावरातून करा. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटलेली असते आणि वेचणी सुरू असते. ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारा, आणि शहरातून आलेल्या मुलाला एक फुटलेलं बोंड हातात द्या. बहुतेकांनी कापूस फक्त औषधाच्या दुकानातल्या गुंडाळीत पाहिलेला असतो.

आता त्याला पाहू द्या. बोंडात किती कप्पे आहेत? साधारण चार-पाच निघतात. एका कप्प्यातल्या कापसात सरक्या किती? बोटांनी रुई ओढून सरकी वेगळी करायला लावा. पाच मिनिटांत बोटं दुखतात आणि जिनिंग कशासाठी असतं हे व्याख्या न सांगता कळतं. घरी वजनकाटा असेल तर १०० ग्रॅम कापूस घेऊन रुई आणि सरकी वेगवेगळी तोला. रुई साधारण तिसरा हिस्सा भरते, बाकी सगळी सरकीच. म्हणजे शेतकरी एक क्विंटल कापूस विकतो तेव्हा त्यात धाग्याची रुई ३५ किलोच्या आसपासच असते. शेकडेवारीचा याहून चांगला धडा मला तरी पुस्तकात सापडलेला नाही.

थोडी रुई दोन बोटांत धरून पीळ देत ओढायला सांगा. धागा तुटेल. पुन्हा ओढा. हातभर धागा निघाला की तो जपून ठेवायला सांगा, पुढे लागणार आहे.

वेचणी सुरू करताना आपल्याकडच्या बाया पऱ्हाटीची पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. घरच्या आजीला याबद्दल विचारायला मुलांना पाठवा. कोणी कसं करतं, कोणी कधीपासून सोडून दिलं, हे लिहून आणलं की परिसर अभ्यासाची दोन पानं तयार होतात.

पाहुणे उन्हाळ्यात आले तर वावर रिकामं असतं. तेव्हा जमिनीच्या भेगा दाखवा. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून ती तडकते. भेगेत काडी सोडून किती खोल जाते ते मोजा. हात मात्र घालू देऊ नका, आत विंचू असू शकतो.

२) रुळांची वाट

हा कापूस जायचा कुठं? इथून पुढची गोष्ट सुरू होते. पुलगाव ते आर्वी अशी छोटी रेल्वे १९१७ साली सुरू झाली. लांबी सुमारे ३५ किलोमीटर. विरूळ, रोहणा, धनोडी अशी गावं घेत ती आर्वीला पोहोचायची. मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरची 'शकुंतला' अनेकांनी ऐकलेली असते. आपली गाडी म्हणजे तिचीच धाकटी बहीण. वऱ्हाड आणि वर्धेच्या कापूस पट्ट्यातला माल मोठ्या लाइनीवर आणून द्यायचा, तिथून तो मुंबईला जायचा, यासाठी हे फाटे टाकले होते. आपल्याकडे मोठी लाइन म्हणजे पुलगावची.

आता गाडी बंद आहे. पण ज्या वाटेने ती जायची ती वाट गावातले म्हातारे अजून बोटाने दाखवतात. पाहुण्यांना घेऊन अशा एखाद्या आजोबांकडे जा. मुलांना आधी चार प्रश्न लिहून द्या: गाडीत बसून तुम्ही कुठं जायचे? तिकीट किती होतं? गाडी केवढी जोरात पळायची? बंद झाली तेव्हा काय वाटलं? आजोबांना बोलतं करायला एवढं पुरतं. पुढं मुलांनी फक्त ऐकायचं.

घरी आल्यावर अंगणात दोन दोऱ्या समांतर ताणा. या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शेजारी दुसऱ्या दोन दोऱ्या १,६७६ मिलिमीटरवर ताणा, ती आजची मोठी लाइन. दोन्हींत मुलांना उभं करा. छोट्या लाइनीत दोन मुलं जेमतेम मावतात. एवढ्याशा रुंदीवरून कितीतरी दिवाळ्यांचा कापूस गेला, हे डोळ्यांना दिसतं तेव्हा इतिहास पाठ करावा लागत नाही.

३) धनोडीचं पाणी आणि तारेवरचा नीलपंख

धनोडीजवळ वर्धा नदीवर निम्न वर्धा प्रकल्पाचं धरण आहे. जिल्ह्याला नाव देणारी ही नदी. हिच्या एका काठाला आपला जिल्हा, पलीकडे अमरावती आणि पुढे यवतमाळ. नकाशात सीमा म्हणजे तुटक रेघ असते. इथं ती वाहताना दिसते.

धरण लांबून, रस्त्यावरून पाहा. तिथं मुलांना दोन गोष्टी सांगा आणि दोन्ही सारख्याच महत्त्वाने सांगा. पाणी अडलं म्हणून काही वावरं भिजली, आणि पाणी अडलं म्हणून काही गावांना आपली जागा सोडावी लागली. वर्गात अशा घरातलं लेकरू असेल तर त्याला आधी बोलू द्या.

हिवाळ्यात विदर्भातल्या जलाशयांवर चक्रवाक, पट्टकादंब असे उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. त्यांच्यासाठी दुर्बीण लागते, ती नसेल तर नाराज होऊ नका. येताजाताना रस्त्याकडेच्या तारांवर पाहा. कोतवाल, वेडा राघू, होला आणि नशीब असेल तर नीलपंख. बसलेला असताना तो मातकट वाटतो, पण उडाला की पंखांतला निळा रंग असा उघडतो की मुलं ओरडतातच. वर्धा शहरानं मतदान घेऊन याच नीलपंखाला आपला शहरपक्षी निवडलं आहे. मुलांना वहीत तीनच रकाने आखून द्या: पक्षी, कुठं बसला होता, काय करत होता. नाव माहीत नसेल तर रंग लिहा. नाव नंतर शोधता येतं.

४) सणावाराचं आंगण

सांस्कृतिक कार्यक्रम म्हटला की आपल्याला मंडप आणि माइक आठवतो. गावात त्याची गरज पडत नाही. फक्त पाहुण्यांना योग्य दिवशी बोलवावं लागतं.

पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभे राहतात आणि झडत्या म्हणण्याची चढाओढ लागते. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो खास लेकरांचा. लाकडी बैल सजवून मुलं घरोघरी जातात आणि बोजारा गोळा करतात. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना हा सण नवा असतो, ते फार कौतुकानं पाहतात.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. मुली संध्याकाळी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि शेवटी डब्यातला खाऊ वाजवून तो ओळखायला लावतात. पाहुणी मुलगी आली असेल तर तिला यात ढकलून द्या. गाणं येत नसलं तरी खाऊ ओळखता येतो, आणि ओळख तिथंच होते.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा प्रभाव आपल्या भागावर मोठा आहे. त्यांचं गुरुकुंज मोझरी नदीपलीकडे, अमरावती जिल्ह्यात. अनेक गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, खंजिरीवर भजन होतं. तिथं कोणालाही बसता येतं, कोणी काही विचारत नाही. आणि आर्वीला तेलंगरावांची समाधी आहे. जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की हे गाव त्यांनी वसवलं, आणि हिंदू-मुसलमान दोघंही त्यांना आपले मानत आले. मुलांना हे सांगताना भाषण देऊ नका. नुसतं घेऊन जा.

५) एक दिवस एसटीचा

आतापर्यंत सगळं पायी किंवा जवळपास होतं. एक पूर्ण दिवस असेल तर पुलगावमार्गे वर्धा आणि तिथून सेवाग्राम, पवनार करा. इथं भाडं लागतं, ते लपवत नाही. पण हिशोब मांडून पाहा. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या पुढच्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. वयाचा पुरावा तेवढा सोबत ठेवा. हा हिशोबही मुलांकडूनच करवून घ्या. आजी, आई आणि दोन लेकरं मिळून पूर्ण तिकिटं किती होतात? उत्तर ऐकून आजीही निघायला तयार होते.

सेवाग्राम आश्रमात प्रवेशाला पैसे लागत नाहीत. गांधीजी १९३६ साली इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. त्यांची पत्रं विदर्भातल्याच दुसऱ्या शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये नाव सेवाग्राम झालं. आदी निवास, बापू कुटी, बा कुटी या मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलूच्या झोपड्या आहेत. रोहण्याच्या मुलाला त्यात नवल वाटत नाही. तो म्हणतो, "आपल्या आजीचं घर असंच होतं." पाहुणा मुलगा मात्र भिंतीला हात लावून पाहतो. दोघांना एकमेकांशी बोलू द्या. इथं गावच्या लेकराला जास्त माहीत असतं.

आता तो वावरात ओढलेला हातभर धागा खिशातून काढा. आश्रमात कोणी सूत कातत असेल तर त्यांच्या हाताकडे पाहा आणि आपला धागा शेजारी धरा. बोंडापासून सुरू झालेली गोष्ट इथं येऊन पोहोचते.

आपण शिक्षक म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी अशी आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धेतच शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीमचा विचार पुढे आला. हाताने काम करत, परिसरातून शिकायचं, हे त्याचं सूत्र. पुढे झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याचा अभ्यासक्रम मांडला. आज आपण 'कृतियुक्त अध्ययन' म्हणतो आणि त्याची प्रशिक्षणं घ्यायला लांब जातो. मूळ आपल्या जिल्ह्यात आहे.

परतताना पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबांचा परंधाम आश्रम. बहिणींसाठी त्यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेलं ब्रह्मविद्या मंदिर इथंच आहे. गांधीजींच्या अस्थींचं विसर्जन १२ फेब्रुवारी १९४८ रोजी याच नदीत झालं, त्यामुळे दर वर्षी त्या दिवशी इथं लोक जमतात. वर्धेत वेळ मिळाला तर लक्ष्मीनारायण मंदिर पाहा. जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने ते १९२८ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. तेव्हा ज्यांना देवळाच्या दारात थांबवलं जायचं, त्यांच्यासाठी हे दार उघडलं, एवढं वाक्य मुलांना दारातच सांगा.

एवढा प्रवास नको असेल तर नदीपलीकडचं कौंडण्यपूर आर्वीहून जवळ आहे. रुक्मिणीचं माहेर म्हणून ते प्रसिद्ध. तिथून आषाढीला पंढरपूरला जाणारी पालखी १५९४ पासून सुरू असल्याचं सांगतात. १९६० च्या दशकात तिथं उत्खनन होऊन फार जुन्या वस्तीच्या खुणाही मिळाल्या. एकाच टेकाडावर श्रद्धा आणि पुरातत्त्व दोन्ही शेजारी बसलेले दिसतात.

६) फुकट असलं तरी नियम आहेत

तिकीट नसलेल्या ठिकाणी पाटी नसते आणि पहारेकरीही नसतो. म्हणून नियम आपणच घालायचे.

• वावर कोणाचं तरी असतं. विचारल्याशिवाय आत जाऊ नका, बोंड तोडू नका, तुरीच्या शेंगा ओरबाडू नका.
• वेचणाऱ्या बायांचे फोटो विचारूनच काढा. त्या कामावर आहेत.
• मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी दहाच्या आत परत या. पाणी, टोपी, दुपट्टा सोबत ठेवा.
• नदीत, धरणाच्या पाण्यात उतरू नका. वरून पाणी सोडलं की खालचं पात्र पाहता पाहता भरतं.
• फवारणी झालेल्या वावरात मुलांना नेऊ नका. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

शेवटच्या नियमाची एक आठवण आहे.

७) वाटाड्या कोण?

गेल्या दिवाळीत मी वर्गातल्या मुलांना आणि त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्या मुलांना असंच फिरायला बोलावलं. वर्गणी नव्हती, यादी नव्हती. सहलीच्या वेळी ज्याचं दर वर्षी पोट दुखतं, तो मुलगाही आला. सगळ्यात आधी आला.

आम्ही एका धुऱ्यावरून वावरात शिरणार, तेवढ्यात तो पुढे होऊन आडवा उभा राहिला. "सर, इथं नका जाऊ. वास येऊन रायला. काल-परवा फवारलं असन." मला वास आला नव्हता. पुण्याहून आलेल्या मुलालाही नाही. त्याचे वडील दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जातात, त्याला तो वास घरातला होता. त्याने आम्हाला वळवून पुढच्या वावरात नेलं. वाटेत टिटवी का ओरडते आहे, अंडी कुठं असतील, कोणत्या बैलाजवळ जायचं आणि कोणत्या नाही, हे सांगत राहिला. पाहुणी मुलं त्याच्या मागे मागे होती. मीही.

त्या दिवशी कळलं की गाव दाखवायला शिक्षक लागत नाही. शिक्षकाने फक्त वाट मोकळी करायची. पैसे लागणाऱ्या सहलीत हा मुलगा यादीत नव्हता. बिनपैशाच्या सहलीत तो वाटाड्या होता, आणि त्याचं ज्ञान आमच्या लेकरांच्या जिवाशी जोडलेलं होतं.

म्हणून पालकांनो, पुढच्या सुटीत पाहुणे आले की तुम्ही पुढे होऊ नका. तुमच्या लेकराला सांगा, "आज तू दाखव." आणि शिक्षक मित्रांनो, मोठी सहल बंद करा असं मी म्हणत नाही. फक्त वर्षातून एकदा अशी सहल ठेवा जिच्यात यादी करावी लागत नाही.

सुटीनंतर मी तोच जुना प्रश्न विचारला. या वेळी उत्तर लिहून मागितलं: 'पाहुणे आले तर मी त्यांना दाखवीन अशी ठिकाणं.' त्या मुलाने सात ठिकाणं लिहिली. सहा आम्ही पाहिलेली होती. सातवं होतं, 'नाल्याकाठचं मोहाचं झाड, पहाटे फुलं पडतात तेव्हा.'

ते मी अजून पाहिलेलं नाही. मोह मार्चमध्ये फुलतो. त्याला विचारून ठेवलं आहे, पहाटे किती वाजता यायचं ते.